डार्क एन स्टॉर्मी

डार्क एन स्टॉर्मी : काळी रम आणि जिंजर बिअर यांचे बर्म्यूडा बेटांवरील कॉकटेल. अमेरिकेत हे नाव १९९१ पासून बर्म्यूडातील हॅमिल्टन येथील गॉस्लिंग ब्रदर्स या कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. त्यामुळे त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेयात गॉस्लिंगची ब्लॅक सील हीच रम असली पाहिजे, असा कंपनीचा आग्रह असतो.

कृती : उंच पेला बर्फाने भरून त्यात सुमारे १०० मिलि. जिंजर बिअर ओततात आणि वरून ६० मिलि. रम अगदी सावकाश सोडतात. साखरेमुळे जिंजर बिअर जड असते, मद्यार्कामुळे रम हलकी. म्हणून रम वरच राहते. पेल्यात खाली फिकट आणि वर जवळजवळ काळा असे दोन थर दिसतात. काळ्या थराचे धागे बर्फाच्या फटींतून हळूहळू खाली उतरू लागतात. हे दृश्य पेयाचाच भाग असल्याने वाढताना ते ढवळू नये. कडेला लिंबाची फोड लावतात. जिंजर एल वापरल्यास आल्याचा झणका उणा पडतो आणि रमचा काकवीसारखा गोडवा वरचढ होतो.

उगम : कंपनीच्या इतिहासानुसार जेम्स गॉस्लिंग १८०६ मध्ये मद्याचा साठा घेऊन इंग्लंडहून अमेरिकेला निघाला. वारा पडल्याने प्रवास लांबला, जहाजाच्या भाड्याची मुदत संपली आणि माल बर्म्यूडातील सेंट जॉर्ज बंदरात उतरवावा लागला. १८२४ मध्ये हॅमिल्टनच्या फ्रंट स्ट्रीटवर गॉस्लिंगांचे दुकान थाटले गेले. गॉस्लिंगांची रम बाहेरून आणलेल्या मद्यांच्या मिश्रणातून बर्म्यूडात तयार झाली. पहिल्या महायुद्धापर्यंत ती पिंपातून सुटी विकली जाई; गिऱ्हाईक आपली बाटली घेऊन येई. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील रिकाम्या शॅम्पेनच्या बाटल्या गोळा करून त्यांत रम भरू लागले. बुचावर काळ्या लाखेची मोहोर असे. त्यावरूनच लोक ‘ब्लॅक सील’ मागू लागले.

जिंजर बिअर आली ती ब्रिटिश आरमाराबरोबर. बर्म्यूडातील आरमारी गोदीत ती बनवली जाई आणि खलाशांनी तिच्यात स्थानिक रम मिसळली, असे मानले जाते. बॅरिट या स्थानिक घराण्याची जिंजर बिअरही १८७४ पासून बेटावर आहे. पेला उजेडात धरून एका खलाशाने त्याला वादळी ढगाची उपमा दिली आणि त्यावरून नाव पडले, ही हकीकत दंतकथाच समजावी. पेय मात्र गोदीच्या आणि बंदराच्या सामायिक जीवनातून घडले. कोणा एका व्यक्तीला त्याचे श्रेय देता येत नाही.

कायदेशीर संरक्षण : येथे संरक्षण नावाला आहे, कृतीला नाही. घटकांची नुसती यादी स्वामित्वहक्कात बसत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मिश्रणाला पेटंट मिळत नाही. कोणीही, कोणतीही काळी रम घेऊन हे पेय बनवू शकतो. दुसऱ्या रमचे पेय याच नावाने विकले, की वाद उभा राहतो. इतर रम वापरणारे अनेक बार म्हणून पेयपत्रिकेवर वेगळे नाव छापतात. मालकाने व्यापारचिन्हाकडे दुर्लक्ष केले, तर ते सर्वसामान्य नाम बनून हक्क निसटू शकतो. कंपनी इतकी जागरूक असते ती यामुळे.

असा दावा नवा नाही. अमेरिकेतील मद्यबंदी उठल्यानंतर बाकार्डी या रम कंपनीने न्यूयॉर्कमधील एका हॉटेलविरुद्ध आणि एका उपाहारगृहाविरुद्ध फिर्याद केली. ‘बाकार्डी कॉकटेल’मध्ये बाकार्डीचीच रम हवी, असा निर्णय १९३६ मध्ये झाला. त्या खटल्यात मात्र कंपनीचे स्वतःचे नावच पेयाला लागलेले होते, म्हणून गिऱ्हाइकाची फसगत उघड होती. डार्क एन स्टॉर्मीच्या नावात ‘गॉस्लिंग’ हा शब्द कोठेच नाही. कायद्याने हक्क पक्का असला, तरी नैतिकदृष्ट्या तो बाकार्डीच्या हक्काइतका सरळ वाटत नाही. एका गोष्टीचे श्रेय कंपनीला द्यायला हवे : ठराविक रमच्या आग्रहामुळे पेयाची चव टिकली. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या अधिकृत कृतीतही गॉस्लिंगचाच उल्लेख आहे.

याच प्रकारचे दुसरे उदाहरण पेनकिलर या कॉकटेलचे. ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकी योस्ट व्हॅन डाइकवरील सॉगी डॉलर बारमध्ये ते १९७० च्या दशकात प्रसिद्धीस आले : रम, अननसाचा व संत्र्याचा रस, नारळाचे गोड क्रीम, वर किसलेले जायफळ. त्याच्या नावाचे व्यापारचिन्ह पसर्स या रम कंपनीकडे आहे. २०११ मध्ये तिने न्यूयॉर्कमधील ‘पेनकिलर’ नावाच्या बारवर दावा लावला. बारला नाव बदलून ‘पीकेएनवाय’ असे करावे लागले. चिडलेल्या अनेक बारटेंडरांनी पसर्सवर बहिष्कार पुकारला.