नल्लकुंट्याची कोरंटी आणि मुलांचा श्वास

हैदराबाद शहराच्या नल्लकुंटा भागात साथीच्या रोगांचे एक जुने सरकारी इस्पितळ आहे. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. हिवतापाच्या जंतूंची वाढ डासाच्या शरीरात होते, याचा पुरावा रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी जवळच्याच सिकंदराबादेत मिळाला. परंतु लोकांच्या तोंडी या इस्पितळाचे नाव एकच, ‘कोरंटी’. ‘क्वारंटाईन’ या शब्दाचे हे देशी रूप होय. रोग्याला इतरांपासून दूर ठेवणे, याहून फारसा इलाज ज्या काळी हाती नव्हता, त्या काळाची ही खूण आहे.

पुढे गुणकारी औषधे आली. औषध मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असा आपला समज असतो. मुलांच्या घशाच्या व छातीच्या रोगांचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

घटसर्पाचेच पाहा. या रोगात घशात करडा पडदा धरतो आणि मुलाचा श्वास कोंडतो. लोफ्लर यांनी १८८४ साली याचे जंतू वेगळे वाढवून दाखविले. चारच वर्षांनी रू व येर्सँ यांनी सिद्ध केले की, हे जंतू विष निर्माण करतात आणि खरा घात ते विष करते. १८९० साली बेहरिंग व कितासातो यांनी त्यावर प्रतिविषाचा मार्ग दाखविला. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेहरिंग यांना मिळाले ते याच कार्याबद्दल.

फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेले पेनिसिलीन १९५५ पासून आपल्या पिंपरीस तयार होऊ लागले. ते घटसर्पाचे जंतू मारते. पण हृदयाला व मज्जातंतूंना भिडलेले विष त्याने उतरत नाही. तेथे प्रतिविषच वेळेवर द्यावे लागते, आणि त्याहूनही चांगली ती आधी टोचलेली लस. हैदराबादेत २००३ ते २००६ या काळातील घटसर्पाची पाहणी झाली, तेव्हा हा रोग ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींत अधिक आढळला. लसीचे चार वा अधिक डोस घेतलेल्यांना तिचे संरक्षण होते. पण पुढचे बूस्टर डोस घेणारे थोडे होते. लस असूनही कोरंटीत घटसर्पाची मुले येत राहिली, त्याचे एक मोठे कारण हे.

घटसर्पात निदान पडदा तरी दिसतो. छातीतला न्युमोनिया कसा ओळखावा? जेथे डॉक्टर नाही, क्ष-किरण यंत्र नाही, तेथे काय करावे? याचे उत्तर तेलंगणाला लागूनच असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात मिळाले. मुलाचे श्वास मोजावेत, हा विचार पापुआ न्यू गिनीतील डॉक्टरांनी आधी मांडला होता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ च्या सुमारास गावातील आरोग्यसेवकांना व सुइणींना ही मोजणी शिकविली. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६०, वर्षाच्या आतील मुलाचे ५०, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्युमोनिया समजावा, असा दंडक पुढे जगभर रूढ झाला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, जेथे हा उपक्रम चालला त्या गावांत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानाने निम्म्याहून कमी आढळले.

या मोजणीने दोन कामे साधली. ज्या मुलाला औषध हवे त्याला ते घरच्या उंबरठ्यावर मिळाले. ज्याला नको होते ते त्यातून वाचले. मुलांचा साधा सर्दीखोकला बहुधा विषाणूंमुळे होतो, आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. उलट, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात देऊन ठेवला होता.

म्हणून थोरल्याच्या आजारात उरलेली अर्धी बाटली धाकट्याला पाजू नये. त्याच्या छातीवरचे कापड बाजूला करावे, मूल शांत असताना घड्याळ लावून पुरते एक मिनिट श्वास मोजावेत. ते भराभर चालत असतील, छाती आत ओढली जात असेल, किंवा घशात पडदा दिसत असेल, तर तडक इस्पितळ गाठावे. आणि डॉक्टरांनी तपासून ‘प्रतिजैविकाची गरज नाही’ असे सांगितले, तर त्या औषधासाठी हट्ट धरू नये.