खाजकुहिलीच्या बीपासून औषधाच्या पंपापर्यंत

वाशी तालुक्यातील तेरखेडा आज शोभेच्या दारूच्या कारखान्यांमुळे सर्वदूर ठाऊक आहे. परंतु निजामाच्या अमलात, जेव्हा या मुलखात वैद्य आणि हकीम हेच रोग्याचे मुख्य आधार होते, तेव्हा वृद्धाच्या हातांच्या ज्या थरथरीला कंपवात म्हणत, तिच्यावर आयुर्वेदाने सांगितलेल्या द्रव्यांत खाजकुहिलीचे बी होते. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की आग आग होते. आतले चकचकीत बी मात्र दुधात शिजवून, साल काढून, वाळवून त्याचे चूर्ण करीत. १९३७ साली मद्रासच्या प्रयोगशाळेत दामोदरन व रामस्वामी यांनी याच बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढले, आणि तरीही त्याचे मोल जगाला कळावयास वीस वर्षे लागली.

१९५७ मध्ये शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतील रेसर्पिनने निश्चेष्ट झालेले ससे डोपा देऊन पुन्हा हालते केले. १९६७ मध्ये डॉक्टर कॉटझियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन कंपवाताच्या रोग्यांना चालते केले. पण माझ्या मते या इतिहासाचा खरा पेच औषध सापडल्यानंतरच सुरू होतो. निरोगी मेंदूत डोपापासून बनणाऱ्या डोपामिनचा पुरवठा अखंड असतो, गोळीचा अंमल मात्र काही तासांत ओसरतो. रोग जुना झाला की वाटीभर वरणातील प्रथिनेही औषधाच्या आड येतात, आणि मनुष्य घड्याळाच्या हुकमतीत जगू लागतो.

म्हणून १९८८ मध्ये लंडनच्या वैद्यांनी डोपामिनचेच काम करणारे अपोमॉर्फिन कातडीखालून संततधारेने देण्याचा पंप वापरला. हे औषध मॉर्फिनपासून बनते, पण नशा आणीत नाही. पुढे युरोपात पोटातील नळीवाटे थेट लहान आतड्यात लेव्होडोपाचा लगदा सोडण्याची रीतही रूढ झाली.

कमरेला अपोमॉर्फिनचा पंप बांधलेल्या रोग्याचा दिवस सकाळी पोटावर बारीक सुई टोचण्याने सुरू होतो. कालची जागा टाळावी लागते, कारण तिथे गाठी धरतात. मळमळ आवरण्याचे औषध काही दिवस आधीच सुरू केलेले असते. आणि ज्याचे हात ताठरलेले, त्याची सुई बहुधा घरच्या माणसालाच लावावी लागते. प्रवाहाचा वेग ठरविणारा मेंदूतज्ज्ञ तेरखेड्याच्या रोग्याला सोलापूर वा पुणे गाठल्यावाचून क्वचितच भेटतो. म्हणून सुई बदलण्याचे, गाठी ओळखण्याचे आणि पंप अडला तर काय करावे याचे शिक्षण घरच्या माणसाला, रोगी रुग्णालयात असतानाच, त्याच्या बोलीत आणि पुरेशा सवडीने मिळाले पाहिजे.