नवरंगाचा पावसाळी मुक्काम : जुन्या कागदांतून

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरलेला रस्ता वैभववाडीवरून तळेऱ्याला येतो, मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो आणि विजयदुर्गाकडे जातो. सह्याद्रीचा पायथा आणि समुद्र यांच्यामधल्या या पट्ट्यात, ओढ्याकाठच्या रानात आणि देवराईत, मृगाच्या आगेमागे पहाटे नि तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ ऐकू येते. ती नवरंगाची. हा पक्षी इथे बारमाही राहत नाही. पावसाबरोबर येतो, पिल्ले वाढवतो आणि दक्षिणेकडे परततो. आज हे पक्ष्यांच्या पुस्तकात सहज सापडते. ते कसे उमगत गेले, याचा माग मात्र जुन्या नोंदींतूनच काढावा लागतो.

पहिले काम ओळख पटवण्याचे. लिनेअसने 1766 साली या पक्ष्याला चक्क कावळ्यांच्या गणात घातले आणि ‘कॉर्व्हस ब्रॅकियुरस’ म्हटले. जर्डनच्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ (1862-64) या ग्रंथात तो ‘पिट्टा बेंगालेन्सिस’ आहे. नावे बदलली तरी वर्णन पक्षी ओळखून देते : हिरवी पाठ, खांद्यावर चकाकता निळा डाग, पांढरा गळा, पिवळसर बदामी पोट, शेपटीखाली किरमिजी रंग, डोळ्यावरून गेलेला रुंद काळा पट्टा आणि त्यावर पांढरी भुवई. शेपूट आखूड, पाय लांब, लांबी सुमारे 19 सेंटिमीटर. असा दुसरा पक्षी कोकणच्या रानात नाही.

थॉमस जर्डन मद्रास इलाख्यातला लष्करी डॉक्टर. त्याची साक्ष मोलाची आहे. त्याने पाहिलेला पहिला नवरंग मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात आसऱ्याला आला होता. पुढे नेल्लोरलाही असे अनेक पक्षी त्याला जिवंत मिळाले. हे घडे उन्हाळ्याच्या तोंडाशी, पश्चिमेचे जोरदार वारे सुटले की. जर्डनने अर्थ लावला तो असा : हा कमकुवत उडणारा पक्षी, वाऱ्याने पूर्वघाटातून इकडे फेकला जात असावा.

पाहणी आणि अनुमान इथे वेगळे करावे लागते. पाहणी पक्की आहे : ठरावीक ऋतूत, थकलेले, घरांत शिरलेले पक्षी. अनुमानाला दुसऱ्या कागदाची जोड हवी, आणि ती लेग याच्या श्रीलंकेतील पक्ष्यांवरच्या 1880 साली पुरा झालेल्या ग्रंथात मिळते. तिथे नवरंग हा हिवाळी पाहुणा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की जर्डनचे थकलेले पक्षी दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेले प्रवासी ठरतात. नवरंग रात्री प्रवास करतो. आजही स्थलांतराच्या दिवसांत तो व्हरांड्यात, बागेत दमून बसलेला सापडतो.

त्याच 1880 साली कोकणाच्या बाजूनेही पाया घातला गेला. सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी पक्षीअभ्यासक ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या नवव्या खंडात छापली. तिने शंभराच्या आसपास पाने व्यापली. तळेऱ्याचा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. एका प्रदेशाची सलग यादी हाती आली, म्हणजे तिथला कोणता पक्षी कायमचा आणि कोणता ऋतूचा, हे ताडून पाहता येते. ह्यूमने आपला पक्ष्यांचा प्रचंड संग्रह 1885 साली ब्रिटिश म्युझियमला दिला. अशा संग्रहांचे बळ पक्ष्याच्या कातड्याइतकेच स्थळ आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीत असते.

सलीम अली आणि रिप्ले यांच्या ‘हँडबुक’चा चौथा खंड 1970 साली निघाला, तोवर हे सारे धागे एकत्र आले होते. विणीचा काळ मे ते ऑगस्ट. गवत, काटक्या आणि पानांचे मोठे गोल घरटे, बाजूला दार. ते जमिनीवर किंवा ठेंगण्या फांदीवर. अंडी चार-पाच, पांढरी तकतकीत, जांभळट ठिपक्यांची. दिवसभर तो पातेऱ्यात उड्या मारत चोचीने पाने उलटतो आणि मुंग्या, वाळवी, भुंगेरे, अळ्या, गांडुळे टिपतो. पहिल्या सरींनी पातेरा भिजला, कुजू लागला की हे जीव मुबलक होतात. पिल्लांच्या वाढीला लागणारा चारा त्या दिवसांत पायाशीच असतो. पावसाळाच का, याचे उत्तर जमिनीवर आहे.

म्हणून तळेऱ्याच्या राईत खालचा झुडोरा तोडला आणि सगळा पातेरा झाडून नेला, तर वर झाडे उभी असूनही नवरंगासाठी ते रान ओस पडते. राईचा तळ आहे तसा राखणे हे पहिले काम. दुसरे काम वहीचे. शीळ प्रथम केव्हा ऐकली, पक्षी शेवटचा केव्हा दिसला, एवढे तारीख आणि वाडीच्या नावासह दरवर्षी लिहावे. जर्डनचा तर्क चुकला, तरी त्याची नोंद दीडशे वर्षांनंतर उपयोगी पडते. कारण त्याने काय, कुठे आणि कोणत्या ऋतूत पाहिले, ते स्पष्ट लिहिले होते. पावसाचे वेळापत्रक बदलत असताना पुढच्या अभ्यासकाला तळेऱ्याहून अशीच साक्ष लागणार आहे.