पंचेचाळीस डॉलरचा परीक्षक

बिझनेस स्कूलच्या ‘जीमॅट’ या प्रवेशपरीक्षेत ८०० पैकी ७४० गुण आणि निबंधात ६ पैकी जेमतेम साडेतीन, असा निकाल हातात पडला की उमेदवार चक्रावून जायचा. निबंधाचे गुण ८०० मध्ये धरत नसत. पण ते बिझनेस स्कूलला कळत आणि खुद्द निबंधही तिकडे जाई. मग अर्जाची वाट उरायची. सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, ४५ डॉलर भरायचे आणि निबंध पुन्हा तपासून घ्यायचा. बहुपर्यायी प्रश्नांना ही सोय नव्हती. गुण वाढतील तसे घटूही शकत आणि हा दुसरा निकाल अंतिम असे.

हे आपल्या ओळखीचंच. दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणपडताळणी, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन हे शब्द मराठी घराघरांत ऐकू येतात. पण ही सोय इथेही सहज आलेली नाही. राज्य मंडळाच्या जुन्या नियमांत गुणांची बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर एवढंच पाहायची मुभा होती. मुंबई उच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले, तर सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९८४ मध्ये ते पुन्हा वैध ठरवले.

मुळात निबंधाला गुण देणं हेच दुखणं आहे. अमेरिकेतल्या ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ (ईटीएस) या संस्थेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ते आकड्यांत मांडलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ जणांना वाचायला दिले. त्यांत इंग्रजीचे अध्यापक होते, तसे वकील, संपादक आणि उद्योगांतले अधिकारीही होते. गुण १ ते ९. कसे द्यायचे, हे मुद्दामच सांगितलं नव्हतं. १०१ निबंधांना १ पासून ९ पर्यंत सगळेच्या सगळे गुण मिळाले! एकच निबंध कुणाला टाकाऊ वाटला, कुणाला अप्रतिम. पाचांपेक्षा कमी वेगवेगळे गुण मिळालेला निबंध एकही नव्हता.

जीमॅटही ईटीएसच घेत असे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या या प्रवेशपरीक्षेत निबंध आले ते थेट ऑक्टोबर १९९४ मध्ये. दोन निबंध, प्रत्येकी अर्धा तास: एकात स्वतःचं मत मांडायचं, दुसऱ्यात दिलेल्या युक्तिवादातली भोकं दाखवायची. तपासायला दोन प्रशिक्षित परीक्षक बसत आणि त्यांच्यात एका गुणाहून जास्त फरक पडला, तर तिसऱ्याकडे निबंध जाई.

फेब्रुवारी १९९९ मध्ये त्या दोघांपैकी एकाची खुर्ची ईटीएसच्या ई-रेटर नावाच्या संगणक प्रणालीने घेतली. वाक्यरचना, मांडणी आणि विषयाशी जुळणारे शब्द मोजून ती गुण देई. ती थकत नाही, चिडत नाही आणि शंभरावा निबंध पहिल्यासारखाच वाचते. ‘वाचते’ म्हणणं मात्र धाडसाचं. दोन वर्षांतच ईटीएसच्याच संशोधकांनी तिला फसवायचं जाहीर आमंत्रण तज्ज्ञांना दिलं. एका प्राध्यापकाने काही परिच्छेद लिहिले आणि तेच सदतीस वेळा चिकटवले. ई-रेटर भरभरून गुण देऊन मोकळी झाली. माणूस दुसऱ्याच पानावर जांभई देऊन थांबला असता. आपली फजिती स्वतःच छापून काढणाऱ्या संस्थेचं कौतुक करायला हवं.

२००६ मध्ये परीक्षेचं काम ईटीएसकडून गेलं आणि ई-रेटरच्या जागी इंटेलिमेट्रिक ही दुसरी प्रणाली आली. यंत्र बदललं, पद्धत तीच राहिली. फेरतपासणीचा निबंध मात्र स्वतंत्र माणसाच्याच हाती जाई. म्हणजे पुनर्मूल्यांकनाच्या नावाखाली उमेदवार माणसाची नजर विकत घेत होता. यंत्राबद्दल कितीही ग्वाही दिली, तरी तक्रार आली की शेवटचा शब्द माणसाचाच, हे परीक्षा घेणाऱ्यांनीही असं दर लावून मान्य केलं होतं.

जून २०१२ मध्ये दोनपैकी एक निबंध वगळला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या, आटोपशीर जीमॅटमध्ये निबंधच उरला नाही. जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. त्या दिवशी लिहिलेल्या निबंधावरच्या अर्जाची मुदत जुलैअखेर संपली.