लोणावळ्याचे पाणी, मुंबईची रात्र आणि झोपेची गोळी

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना खोपोलीजवळ डोंगरउतारावरून खाली आलेले जाडजूड नळ दिसतात. वर मावळात लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांत पावसाळ्याचे पाणी साठवले जाते. घाटमाथ्यावरचे हे पाणी एरवी इंद्रायणीबरोबर पूर्वेला गेले असते. ते पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली सोडले आणि त्यावर वीज निर्माण केली, तर मुंबईच्या गिरण्या कोळशावाचून चालतील, ही टाटांची कल्पना १९१५ साली प्रत्यक्षात आली. भूगोलाच्या तासाला जलविद्युत प्रकल्पाचे उदाहरण म्हणून आपण ही हकिकत सांगतोच.

पण या हकिकतीला एक दुसरी बाजू आहे. गिरणी विजेवर आली, शहर दिव्यांनी उजळले, रात्र लांबली. मग माणसाच्या झोपेचे काय झाले? मौज अशी की या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागाही पुन्हा लोणावळ्यालाच येऊन पोचतो. वीज सुरू झाल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १९२४ साली, तेथे माणसाच्या शरीराची विश्रांती मोजू पाहणारी एक संस्था उभी राहिली. या दोन घटनांच्या आजूबाजूला झोपेच्या औषधांचा सगळा इतिहास पसरलेला आहे. रात्री गोळी घेऊन झोपणाऱ्या आणि तरीही पहाटे तीनला टक्क जागे होणाऱ्या माणसाचे कोडे उलगडायचे, तर तो इतिहास समजून घ्यावा लागतो.

पूर्वी सगळे गाढ झोपत होते का?

‘पूर्वीच्या माणसांना कशी छान झोप लागायची’ असे आपण सहज म्हणतो. इतिहास इतका सोपा नाही. अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये जुन्या युरोपातील कागदपत्रांच्या आधारे असे मांडले की, यंत्रयुगापूर्वी तेथील अनेक लोक दोन टप्प्यांत झोपत. पहिली झोप झाली की मध्यरात्रीच्या सुमारास तास-दीड तास जाग, मग दुसरी झोप. म्हणजे मध्येच जाग येणे हा त्यांच्या लेखी आजार नव्हता. उलट २०१५ मध्ये टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया येथील, विजेचा दिवा नसलेल्या तीन समाजांची पाहणी प्रसिद्ध झाली. ते लोक सूर्यास्तानंतर सरासरी तीन-साडेतीन तासांनी झोपत आणि बहुधा एका दमात झोपत. त्यांची झोपही सहा-साडेसहा तासांच्या आसपासच होती. तेव्हा सर्व मानवजातीची ‘मूळ’ झोप एकाच साच्याची होती, असे म्हणता येत नाही.

मात्र एक गोष्ट निश्चित बदलली. तेल महाग आणि समई मिणमिणती असताना अंधार पडला की काम थांबे. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचे दिवे आले आणि हे बंधन सुटले. कामाचे तास इतके वाढले की १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामावर १२ तासांची मर्यादा घालावी लागली. मावळच्या पाण्याची वीज आली ती या लांबलेल्या दिवसाच्या पाठोपाठ. पुढे १९३० च्या दशकात रात्रपाळीही रूढ होत गेली.

या बदलाची किंमत कोणी मोजली, याचे एक उदाहरण मन विषण्ण करणारे आहे. तान्हे मूल चाळीत ठेवून आई गिरणीत जाई. मूल रडू नये, निजून राहावे, म्हणून त्याला अफूचा अंश असलेली गोळी दिली जाई. ‘बाळागोळी’ या नावाने ती ओळखली जात असे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगापुढे कामगारांच्या जीवनाची जी तपासणी झाली, तीत या प्रथेचाही विचार झाला. त्या माता निष्ठुर नव्हत्या. पाळणाघर नव्हते, रजा नव्हती आणि गोळी स्वस्त होती. सामाजिक अडचणीवर रासायनिक तोडगा काढण्याचे हे आपल्याकडील फार बोलके उदाहरण होय.

बाटलीतली झोप

वैद्यकातही तेव्हा हेच चालू होते. १८३२ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने क्लोरल हायड्रेट तयार केले. त्याने झोप येते हे लीब्राइख यांनी १८६९ मध्ये दाखवले. प्रयोगशाळेत बनवलेले हे पहिले प्रसिद्ध निद्राकारक औषध. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल आणले, ‘व्हेरोनाल’ या नावाने ते जगभर गेले. बार्बिट्युरेट गटातील औषधांनी पुढची पन्नास वर्षे राज्य केले. त्यांचा दोष जीवघेणा होता. झोप आणणारी मात्रा आणि श्वास बंद पाडणारी मात्रा यांत अंतर फार थोडे होते. शिवाय सवय लागली की मात्रा वाढवावी लागे आणि ते अंतर आणखी कमी होई.

मग सुरक्षित गोळीचा शोध सुरू झाला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत अशी एक ‘सुरक्षित’ गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागली. तिचे नाव थॅलिडोमाइड. ती घेतलेल्या गर्भवतींना हातपाय खुरटलेली मुले होऊ लागली. १९६१ च्या अखेरीस ती तेथे मागे घेतली गेली, तोवर जगात दहा हजारांहून अधिक मुलांना तिचा फटका बसला होता. औषधांच्या चाचण्यांचे आजचे कडक नियम अनेक देशांत या घटनेनंतर आले.

१९६० मध्ये लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले. हा बेंझोडायझेपिन गट. मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य आहे, ते चेतापेशींची धावपळ शांत करते. ही औषधे त्याचा परिणाम वाढवतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेले झोल्पिडेमही त्याच जागी काम करते, पण शरीरातून लवकर निघून जाते.

आपल्याकडे निद्रानाश आणि उन्माद यांवर सर्पगंधेचे मूळ पूर्वापार वापरात होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा उपयोग करून पाहिला आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरे, रुग्ण शांत होई; पण काही रुग्णांत खिन्नता येई. वनस्पतीपासून मिळालेले औषध म्हणजे निर्धोक औषध, हा समज किती फसवा आहे, हे यातून दिसते.

गोळी घेऊनही जाग का?

आता मूळ कोड्याकडे वळू. रात्री दहाला गोळी, साडेदहाला झोप आणि तीनला जाग. पुढे कूस बदलत उजाडण्याची वाट पाहणे. हे का होते?

पहिले कारण गणिताचे आहे. औषधाची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला लागणारा काळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य. झोल्पिडेमचे अर्धायुष्य सुमारे अडीच तास असते. दहाच्या सुमारास पातळी सर्वाधिक होती असे धरले, तर साडेबाराला निम्मी आणि तीनला पाव उरते. मेंदूला शांत ठेवायला ती पुरत नाही. मग जास्त टिकणारे औषध घ्यावे का? नायट्राझेपामचे अर्धायुष्य साधारण एक दिवसाचे. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सकाळी सातलाही शरीरात असतो. रात्र निघते, पण दिवसा पेंग येते, तोल जातो. वयस्कर माणसे पडून हाड मोडण्याची भीती असते. रात्रभर पुरेल आणि उजाडताच संपेल, असे अर्धायुष्य नेमके साधणे कठीण.

दुसरे कारण झोपेच्या घडणीत आहे. हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम टिपल्या. त्या साधनामुळे झोपेचा अभ्यास शक्य झाला. १९५३ मध्ये शिकागो येथे अ‍ॅझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना असे आढळले की, झोपेत ठरावीक काळाने पापण्यांखाली डोळे झपाट्याने हलतात. तेव्हा जागे केले तर माणूस स्वप्न सांगतो. झोप ही अशी सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांची मालिका असते. गाढ झोप बहुतेक पहिल्या तृतीयांशातच आटोपते. उत्तररात्री झोप उथळ आणि स्वप्नांची असते. म्हणजे तीनची जाग हा झोपेचा मुळातच कच्चा दुवा आहे. तेथे निरोगी माणूसही क्षणभर जागा होतो, पण पुन्हा झोपतो आणि सकाळी त्याला ते आठवत नाही. ज्याला झोपेची धास्ती लागली आहे, तो मात्र घड्याळ पाहतो, ‘आता उद्याचे कसे होणार’ या विचाराने त्याची छाती धडधडू लागते आणि जाग पक्की होते.

तिसरे कारण सवयीचे. मेंदू औषधाशी जुळवून घेतो. १९६५ मध्ये एडिनबर्गच्या ऑस्वाल्ड आणि प्रीस्ट यांनी दाखवले की, गोळ्यांनी दबलेली स्वप्नझोप गोळी थांबताच उसळून वर येते आणि पूर्ववत व्हायला पाच-पाच आठवडे लागतात. त्या काळात भयंकर स्वप्ने आणि तुटक झोप यांमुळे माणसाला वाटते, ‘गोळीशिवाय मला झोपच नाही.’ तो पुन्हा गोळीकडे वळतो. जो त्रास गोळी सोडल्याचा, तोच मूळ आजार वाटतो.

याखेरीज घोरताना श्वास अडकणे, रात्री लघवीला उठावे लागणे, दुखणे, खिन्नता, रात्रीचे मद्य अशी कारणे असतील, तर गोळी ती झाकते. दूर करत नाही. श्वास अडकण्याच्या विकारात तर ती घातकही ठरू शकते.

लोणावळ्याची प्रयोगशाळा

बर्गर यांनी मेंदूच्या लहरी टिपल्या त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांची भूमिका त्या काळाच्या मानाने वेगळी होती. योगाने अमुक होते असे म्हणणाऱ्याने ते मोजून दाखवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्यातून दाब, श्वसन, रक्तदाब यांची मोजमापे प्रसिद्ध होऊ लागली. १९३० च्या दशकात येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांनी येथे शिक्षण घेऊन प्राणायामात लागणारा प्राणवायू मोजला. ‘योगाने प्राणवायूची गरज नेहमी घटते’ असे त्यांना आढळले नाही. काही प्रकारांत ती वाढलेलीच दिसली. प्रचलित समजाला धक्का देणारे आकडेही छापले गेले, हे महत्त्वाचे.

झोपेच्या प्रश्नाशी अधिक जवळचे काम आहे शवासनाचे. हठप्रदीपिकेत या आसनाचा थकवा घालवणारे आणि मनाला विश्रांती देणारे असा निर्देश आहे. १९६९ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी, ज्यांत लोणावळ्याचे डॉ. एस. एल. विनेकर होते, यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. अनेकांचा रक्तदाब उतरला आणि काहींची औषधाची गरज बरीच कमी झाली. हा अभ्यास झोपेचा नव्हता, रुग्ण थोडे होते आणि शवासन न करणारा तुलनेचा गट नव्हता. तेव्हा ‘शवासनाने निद्रानाश जातो’ असा निष्कर्ष त्यातून काढता येणार नाही. पण शरीराचा ताण मुद्दाम सैल करण्याची कला शिकता येते आणि तिचा परिणाम मोजता येतो, एवढे त्याने दाखवले.

हा विचार इतरत्रही वाढत होता. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत मांडली. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी सुचवले की, बिछाना फक्त झोपेसाठीच असावा. झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसावे आणि डोळे जड झाले की परतावे. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी बिछान्यातला वेळ आधी कमी करून मग हळूहळू वाढवण्याची रीत दिली. या सगळ्यांची मिळून जी वर्तनोपचार पद्धती तयार झाली, तिलाच दीर्घकाळच्या निद्रानाशावरील पहिला उपाय मानावे, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. गोळीचे स्थान त्यानंतरचे आणि थोड्या दिवसांचे.

वर्गात काय करता येईल?

अर्धायुष्याचा आलेख नववी-दहावीच्या मुलांना सहज काढता येईल. अडीच तास आणि चोवीस तास अर्धायुष्याच्या दोन औषधांचे वक्र एकाच कागदावर काढावेत. रात्री तीन आणि सकाळी सात या वेळांना उभ्या रेघा माराव्यात. पहिला वक्र तीनला कोठे असतो आणि दुसरा सातला कोठे, हे मुलांनीच वाचून सांगावे. त्यावरून आदर्श गोळीचा वक्र कसा असावा, हे त्यांना काढायला लावावे; घातांकी घट त्या आकाराची का नसते, यावर चांगली चर्चा होते.

हे शिकवताना एक इशारा मात्र आवर्जून द्यावा. मुलांच्या घरी आजी-आजोबा अशा गोळ्या घेत असतील. वर्गात ऐकलेले घरी सांगून त्या एकाएकी बंद करायला लावू नये. बरेच दिवस घेतलेले बेंझोडायझेपिन अचानक थांबवले, तर झटकेही येऊ शकतात. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्यांनी. आजोबांना घरच्यांनी विचारायचा प्रश्न ‘गोळी का घेता?’ हा नव्हे; ‘रात्री कशाने जाग येते?’ हा आहे. त्याचे उत्तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे नेले, तर तपासणीला खरी सुरुवात होते.