तिहेरी सत्तेखालचा गगनबावडा

लोकसंख्येने पाहिले तर गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर तो वसला आहे. पाऊस उदंड, शेती डोंगरउताराची. ब्रिटिश अमदानीत इथल्या रयतेवर एकाच वेळी तीन सत्ता होत्या: गावाशी रोजचा संबंध पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचा, तिच्यावर करवीर छत्रपतींचे संस्थान आणि त्याच्याही वर इंग्रज सरकार. परकी सत्ता ज्या रूपात माणसाच्या दारात उभी राहते, त्या रूपावर त्याची राष्ट्रभावना बेतली जाते, असे माझे प्रतिपादन आहे. ते तपासायला गगनबावड्याइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

तुलनेसाठी कोरिया घेऊ. जपानने १९१० मध्ये तो देश सरळ आपल्या राज्याला जोडला आणि सेऊलला जपानी गव्हर्नर-जनरल बसवला. १९१० ते १९१८ या काळात जमिनींची मोजणी करून मालकीची नवी दप्तरे तयार केली. १९३८ मध्ये कोरियन भाषेचे शाळेतले सक्तीच्या विषयाचे स्थान काढले आणि १९४० पासून लोकांना जपानी धर्तीची आडनावे घ्यायला लावली. जमीन, भाषा आणि नाव या तिन्हींवर घाला घालणारा हात एकच होता आणि तो सर्वांना दिसत होता. त्यामुळे वर्गभेद, धर्मभेद असूनही ‘आपण सारे कोरियन’ ही जाणीव पक्की होत गेली.

बावड्यात असे घडले नाही. इथे मराठी शाळेतून हद्दपार झाली नाही, दरबारचा कारभार मराठीतच चालला, गादीवर भोसल्यांचेच घराणे राहिले. १८६२ च्या करारात मात्र छत्रपतींनी महत्त्वाच्या बाबतींत इंग्रज सरकारच्या सल्ल्याने चालायचे कबूल केले आणि बावडा, विशाळगड, कागल, इचलकरंजी अशा मोठ्या जहागिरींवर इंग्रजांची देखरेख आली. जहागीरदाराने छत्रपतींना मुजरा करायचा, पण मोठ्या प्रकरणात नजर पोलिटिकल एजंटाकडे ठेवायची, अशी ही व्यवस्था. वसूल मागायला येणारा माणूस आपल्यातला, आपल्या बोलीत बोलणारा. त्याच्या पाठीशी उभी असलेली खरी ताकद शेतकऱ्याच्या दृष्टीआड. वसाहतवादाचा हा प्रकार मला जपानी प्रकाराहून अधिक चिवट वाटतो, कारण तो समाजाला आपसातच गुंतवून ठेवतो.

आणि हे घडले कुठे, तर ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाने परकीयांचा धोका सर्वांत स्पष्ट ओळखला होता त्याच्याच जहागिरीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र १७१५ चे. त्यातले टोपीकर, म्हणजे युरोपीय, सावकारांविषयीचे विवेचन मुळातून वाचावे. इतर व्यापारी केवळ व्यापार करतात, टोपीकरांच्या पाठीमागे मात्र मुलखाचा लोभ धरणारे त्यांचे राजे आहेत, असे तिथे बजावले आहे. म्हणून त्यांना समुद्रकाठी वा खाडीकाठी जागा देऊ नये. देणे भागच पडले तर किनाऱ्यापासून दूर, सखल ठिकाणी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. त्याच ग्रंथात वतनदारांविषयीही कठोर इशारा आहे: हे राज्याचे दायाद, परचक्र आले की वतनासाठी शत्रूला आधी जाऊन मिळतील.

१८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावाने या दुसऱ्या इशाऱ्याला वेगळेच वळण दिले. इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांनी कोल्हापूरच्या कारभाराची घडी बदलायला घेतली. गडाच्या चाकरीसाठी पिढ्यानपिढ्या जमिनी खाणारे गडकरी मामलेदारांच्या ताब्यात गेले आणि जमिनी जाण्याच्या भीतीने सामानगड व भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. इंग्रज अधिकारी कर्नल ओव्हान्स पन्हाळ्यावर कैद झाला, वणवा सावंतवाडीपर्यंत गेला. १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा पडला. अमात्यांना ज्या वतनाच्या मोहात फितुरी दिसली होती, त्याच वतनासाठी इथे लोक परक्यांविरुद्ध लढले. त्याला आधुनिक अर्थाने राष्ट्रवाद म्हणता येणार नाही. पण त्याला निव्वळ स्वार्थ ठरवणेही अन्यायाचे आहे, कारण गड, जमीन आणि गादी या गोष्टी गडकऱ्याच्या मनात वेगळ्या काढता येत नव्हत्या.

राष्ट्रभावना खऱ्या अर्थाने जागी झाली ती राजाच्या यातनेने. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांच्या छळाविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ने लिहिले. दिवाण माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात पुराव्याची पत्रे टिकली नाहीत आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. २५ डिसेंबर १८८३ रोजी गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर महाराज वारले. कोरियातही हेच दिसते. पदच्युत राजा गोजोंग जानेवारी १९१९ मध्ये वारला, विषप्रयोगाची वदंता पसरली आणि त्याच्या अंत्ययात्रेच्या तोंडावर १ मार्चला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्यातून देशव्यापी आंदोलन उभे राहिले. कोल्हापूरचा क्षोभ मात्र मुख्यतः पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या वर्गात व्यक्त झाला. डोंगरातल्या रयतेपर्यंत तो चळवळ होऊन पोचला नाही.

पुढे दोन प्रवाह झाले. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या जातींसाठी ५० टक्के जागा राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्या बहुजनाला गावातच माणूस म्हणून मान नव्हता, त्याला आधी तो मिळणे अगत्याचे होते. हे राष्ट्रकार्यच होते, मग ते इंग्रजांशी जुळवून घेऊन झाले म्हणून काही टीकाकार कितीही नाके मुरडोत. दुसरा प्रवाह माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजापरिषदेचा. तिला संस्थानी कारभार आणि इंग्रजी साम्राज्य या दोघांशी एकाच वेळी झुंजावे लागले. कोरियन देशभक्तापुढे असा पेच नव्हता.

म्हणूनच बावड्याचे स्वातंत्र्य एका तारखेत मावत नाही. इंग्रजी अंमल १५ ऑगस्ट १९४७ ला संपला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विलीन मुलखातल्या जहागिरी रद्द करणारा मुंबई सरकारचा कायदा १९५३ चा आहे.