मिनामाताचे मौन

जपानच्या क्युशू बेटावर, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे गाव आहे. येथील कोळी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या उपसागरातील मासळीवर आणि शिंपल्यांवर जगत आली. भात थोडा आणि मासळी भरपूर असा त्यांचा आहार होता. ज्या समुद्राने त्यांना पोसले त्याच समुद्रातून त्यांच्या ताटात विष आले. ते कसे आले आणि ज्यांना ते कळले होते त्यांनी काय केले, हा इतिहास मासळी खाणाऱ्या प्रत्येक घराने जाणून घ्यावा असा आहे.

१९०८ साली ह्या गावात एक रासायनिक कारखाना उभा राहिला. पुढे तो चिस्सो कंपनीचा कारखाना म्हणून प्रसिद्धीस आला. सांडपाण्यामुळे मासेमारीची हानी होते ही कोळ्यांची तक्रार फार जुनी होती. १९२६ सालीच कंपनीने त्यांच्या संस्थेला थोडी रक्कम देऊन तक्रार मिटविली होती. १९३२ पासून कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. त्या प्रक्रियेत पारा वापरला जाई. त्यातून निर्माण होणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर उपसागरात जात राहिला.

हे विष पाण्यात विरून नाहीसे होत नाही. सूक्ष्म जीव ते शोषून घेतात. त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे खातात, आणि प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. ते माशाच्या मांसातील प्रथिनांना चिकटून राहते. त्यामुळे मासळी धुतली, तळली वा खारवली तरी ते निघत नाही. चवीला, वासाला किंवा रंगाला काही फरक नसतो.

प्रथम मांजरे पिसाळल्यासारखी गरगर फिरू लागली व मरू लागली. मग माणसांची बोटे बधिर झाली, पावले अडखळली, दृष्टी आकुंचित झाली, वाचा गेली. १९५६ च्या एप्रिलमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्या इस्पितळात आणण्यात आले. लवकरच तिची धाकटी बहीणही आली. इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा ह्यांनी १ मे १९५६ रोजी ह्या अज्ञात रोगाची सूचना सरकारी आरोग्य कार्यालयास दिली. श्रमिक संत योसेफ ह्यांचा सण पोप बारावे पायस ह्यांनी ज्या तारखेस नेमून दिला होता, तीच ही तारीख.

जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पारा हे कारण असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी होसोकावा ह्यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. प्रयोगातील त्या मांजराचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबरमध्ये त्याला तोच रोग जडला. कंपनीने हा निष्कर्ष दडपून ठेवला आणि डॉक्टरही गप्प राहिले. डिसेंबरमध्ये कंपनीने रुग्णांच्या कुटुंबांशी करार केला. मृत्यू झाल्यास तीन लाख येन द्यायचे, मात्र पुढे कारखाना दोषी ठरला तरी अधिक काही मागायचे नाही, अशी त्यात अट होती. दारिद्र्याने पिचलेल्या लोकांनी सह्या केल्या. सांडपाणी शुद्ध करणारे यंत्रही थाटामाटात बसविण्यात आले, पण सेंद्रिय पारा काढण्याची सोय त्यात नव्हती.

ह्या मौनाची सर्वांत मोठी किंमत गर्भातील बालकांनी मोजली. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, अशी तेव्हा वैद्यकाची समजूत होती. १९६२ साली ती खोटी ठरली. आईच्या देहातील विष वारेतून गर्भात उतरत होते, त्यामुळे काही माता वरकरणी धडधाकट राहिल्या आणि मुले मात्र जन्मतःच पंगू झाली. जपानमध्ये बाळाची सुकलेली नाळ लहानशा पेटीत जपून ठेवण्याची प्रथा आहे. डॉ. मासाझुमी हारादा ह्यांनी अशा नाळा गोळा केल्या आणि तपासणीत त्यांत मिथिल पारा आढळला. ममतेने जपलेली वस्तू अशी अपराधाची साक्षीदार झाली.

१९६५ मध्ये निइगाता प्रांतात, दुसऱ्या एका कंपनीच्या सांडपाण्यामुळे, हाच रोग पुन्हा प्रकटला. मे १९६८ मध्ये चिस्सोने ते उत्पादन थांबविले आणि २६ सप्टेंबर रोजी सरकारने कारखान्याचा दोष मान्य केला. पाऱ्याचा निष्कर्ष जाहीर झाल्यापासून नऊ वर्षे लोटली होती.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कारखान्याच्या एका कामगार संघटनेने ठराव केला. रुग्णांसाठी आपण आजवर काहीच केले नाही, ही आपल्याला लाजिरवाणी गोष्ट आहे, अशी तिने उघड कबुली दिली. १९७० मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावा ह्यांनी इस्पितळातूनच साक्ष दिली आणि मांजराचा प्रयोग सांगितला. काही महिन्यांतच ते निवर्तले. २० मार्च १९७३ रोजी न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले व १९५९ चा तो करार नीतिबाह्य म्हणून रद्दबातल केला.

उपसागराच्या तळाचा विषारी गाळ उपसण्यास १९७७ ते १९९० इतका काळ लागला. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून समुद्रात लावलेली जाळी १९९७ साली काढण्यात आली. निइगातासह सुमारे तीन हजार रुग्णांना अधिकृत मान्यता मिळाली. मान्यतेसाठी झगडणारे ह्याहून कितीतरी अधिक होते. २०१३ साली पाऱ्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मिनामाताचेच नाव देण्यात आले. भारताने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात, सजीवांच्या देहात साठत जाणाऱ्या रसायनांविषयी सावध केले आहे.

मिस्सेच्या प्रारंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. मिनामाताच्या इतिहासात त्या दुसऱ्या प्रकारच्या पापाचे स्वरूप स्पष्ट दिसते. त्या डॉक्टरने कोणाच्या ताटात विष कालवले नव्हते, त्या कामगारांनीही नव्हते. त्यांनी इतकेच केले की पगार देणाऱ्याविरुद्ध ते बोलले नाहीत. आपल्या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आज कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत कामाला आहेत. खाडीत काय सोडले जाते हे त्यांतील कोणाला तरी ठाऊक असते. ज्याला ठाऊक आहे, त्याने मरणशय्येची वाट पाहू नये.